आधी सोपारा, मग वसई: मुंबईहून एका दिवसाची वाट

वसईला जायचं म्हटलं की मुंबईकर थेट किल्ला गाठतो. मोडकी चर्चं, कमानीतून तिरकं येणारं ऊन, पंधरा-वीस फोटो, पारनाक्यावर (किल्ल्याजवळच्या वसई गावातल्या नाक्यावर) चहा-वडा आणि परतीची लोकल. त्यात वाईट काहीच नाही, पण त्या मुलखाची गोष्ट तेवढ्यात कळत नाही. किल्ल्याच्या उत्तरेला, रिक्षाने तास-दीड तासात पालथा घालता येईल अशा टापूत, अशोकाच्या काळातलं बंदर आहे, शिलाहारांच्या (कोकणावर राज्य केलेल्या जुन्या राजघराण्याच्या) वेळच्या मूर्ती आहेत, एका शंकराचार्यांची समाधी आहे आणि दर रविवारी माणसांनी भरणारी पोर्तुगीजकालीन चर्चं आहेत. एका दिवसात हे सगळं होतं. फक्त नेहमीचा क्रम फिरवायचा: सर्वांत जुनं ते आधी, किल्ला शेवटी.

क्रमाचा एवढा आग्रह का, तर किल्ला भव्य आहे. तो आधी बघितला की सोपाऱ्याचा स्तूप म्हणजे विटांचा ढिगारा वाटतो आणि माणसं पाच मिनिटांत बाहेर पडतात. सोपाऱ्यापासून खाली येत गेलात की किल्ल्यातली चर्चं कुठल्या जमिनीवर, कुणाच्या नंतर उभी राहिली हे डोक्यात असतं. मग तेच दगड वेगळे दिसतात.

सराव मुंबईतच करा: मंडपेश्वर

वसईच्या आधी एखादी मोकळी सकाळ बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांना द्या. मेट्रोच्या २ए मार्गावर मंडपेश्वर नावाचंच स्टेशन आहे; बोरिवली किंवा दहिसर पश्चिमेहून रिक्षाही मिळते. तासाभरात बघून होतं, म्हणून हे मुख्य सहलीच्या दिवशी कोंबू नका.

इथे एकाच खडकात सगळं आहे. साधारण सहाव्या शतकात कोरलेलं हे शैव लेणं. नटराज, लकुलीश (शिवाचा अवतार मानलेला गुरू), शिवपार्वतीचा विवाह अशी शिल्पं, जोगेश्वरी आणि घारापुरीच्या लेण्यांशी नातं सांगणारी. सोळाव्या शतकाच्या मध्यावर पोर्तुगीज आले आणि अंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन (कॅथलिक संन्याशांचा एक संघ) धर्मगुरूने लेण्याचं प्रार्थनास्थळ करून टाकलं. वर डोंगरावर मठ उभा राहिला. १७३९ मध्ये मराठ्यांनी हा भाग घेतल्यावर मठ ओस पडला. आज खाली गाभाऱ्यात शिवलिंगाची पूजा चालते, वर मठाच्या बिनछपराच्या भिंती आहेत आणि शेजारी शाळा व चर्च आहे.

आत शिरल्यावर दोन मिनिटं नुसते उभे राहा. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना पहिल्यांदा फक्त खांब दिसतात. अंधार सरावला की भिंती फिरून बघा. एका भिंतीवर जुनं शिल्प होतं तिथेच मोठा क्रूस कोरलेला आहे. तो शोधा आणि त्याच्याभोवतीचा दगड नीट पाहा, कुठे मुळातली छिन्नी आहे आणि कुठे नंतरची. नटराजाच्या पट्टात खालच्या आकृती किती झिजल्यात आणि वरच्या किती शाबूत आहेत तेही बघा. इथे येऊन संतापणारे लोक असतात, आणि ‘सगळे धर्म एकच’ म्हणून चटकन हात जोडून निघणारेही. दोघांचं बघणं अपुरं राहतं. संतापायचं ते संतापा, पण आधी बघून घ्या.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये किल्ल्यातला दगड तापतो आणि समुद्राची दमट हवा जीव काढते. पावसाळ्यात किल्ला हिरवागार दिसतो हे खरं, पण गवत कमरेएवढं वाढतं, पायऱ्यांवर शेवाळ येतं आणि सापांचा वावर असतो. शिवाय मुसळधार पावसात नालासोपारा-वसईदरम्यान रुळांवर पाणी चढतं, तेव्हा लोकल कधी चालू होईल हे कुणीच सांगू शकत नाही.

रविवारी जावं की नाही, हा खरा प्रश्न. रविवारी चर्चं जिवंत असतात, सकाळी मराठीतली मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) ऐकता येते. पण दुपारनंतर किल्ल्यात गर्दी उसळते. शनिवार हा मधला तोडगा आहे. मला विचाराल तर पहिल्या खेपेला आठवड्यातला साधा दिवस, आणि चर्चं आवडली तर नंतर फक्त त्यांच्यासाठी एखादा रविवार.

दोन तारखा मात्र लक्षात ठेवा. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळ या तीर्थाची जत्रा सुरू होते आणि पुढे बरेच दिवस चालते. ५ फेब्रुवारी हा वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांचा हौतात्म्यदिन. त्या सुमारास त्यांचा सण वसईत मोठ्या उत्साहाने होतो. गर्दीचा कंटाळा असेल तर या दोन्ही वेळा टाळा, माणसं बघायची असतील तर मुद्दाम याच वेळी या.

लोकल आणि रिक्षा

विरार लोकलचं नाव काढलं की नवख्याच्या पोटात गोळा येतो. पण सकाळची गर्दी चर्चगेटकडे जाणारी असते, तुम्ही उलट दिशेने निघालेले असता. दादर किंवा अंधेरीहून सकाळी सातच्या पुढे विरार फास्ट पकडलीत तर बहुतेक वेळा बसायलाही मिळतं. चर्चगेटहून नालासोपारा साधारण ५६ किलोमीटर, सव्वा तासाच्या आसपास. तिकीट नालासोपाऱ्याचं काढा. परत वसई रोडहून यायचं आहे, म्हणून रिटर्न काढू नका. एसी लोकलचं तिकीट वेगळं, ते आधीच ठरवा.

भाईंदर सुटलं की मोबाइल खिशात घाला. गाडी वसईच्या खाडीवरच्या पुलावरून जाते. मध्ये पाणजू बेट, पुढे नायगावची मिठागरं. हीच खाडी साष्टी (मुंबई उपनगरांचं आणि ठाण्याचं बेट) आणि वसई वेगळी करते, आणि या पाण्याच्या ताब्यासाठीच पुढची सगळी भांडणं झाली.

रिक्षाचं सांगायचं तर नालासोपारा पश्चिमेला शेअर रिक्षा भरपूर आहेत, पण त्या ठरलेल्या नाक्यांपर्यंत जातात. तीन-चार जण असाल तर सोपारा, चक्रेश्वर, निर्मळ आणि पुढे वसई गाव अशी एकच रिक्षा बोलून घ्या. थांबण्याचे पैसे धरून किती, हे निघण्याआधीच ठरवा. एकटे असाल तर शेअर रिक्षा आणि वसई-विरार महापालिकेच्या बसवर काम भागतं, थोडं चालावं लागतं एवढंच.

सोपारा

रिक्षावाल्याला ‘बौद्ध स्तूप’ सांगा. इमारतींच्या गर्दीतून रिक्षा वळत वळत जाते आणि अचानक कुंपण घातलेली, झाडांनी वेढलेली जागा येते. मधोमध विटांचा बसका उंचवटा. एवढंच? हो, डोळ्यांना एवढंच. म्हणून इथे येण्याआधी पुढचं वाचून या.

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचं नावाजलेलं बंदर. इथून गलबतं अरबस्तानाकडे आणि त्याच्याही पलीकडे जात. बौद्ध कथांमध्ये इथला पूर्ण नावाचा व्यापारी भेटतो. समुद्रावरचा धंदा सोडून तो बुद्धाचा शिष्य झाला आणि सोपाऱ्यात त्याने चंदनाच्या लाकडाचा विहार बांधला, अशी ती कथा. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर संपलं. आज तिथे उभं राहून समुद्र कुठल्या बाजूला असेल याचा अंदाजही बांधता येत नाही.

या उंचवट्याला गावकरी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला. मध्यभागी विटांच्या कोठडीत मोठी दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात काय, तर मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते जपलेले असावेत. करंडकाभोवती सोन्याची फुलं आणि आठ कांस्यमूर्ती. गंमत अशी की ढिगाऱ्यात सातवाहन राजाचं चांदीचं नाणं सापडलं आणि मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे स्तूप बांधल्यावर कित्येक शतकांनी कुणीतरी तो श्रद्धेने उघडून आत मूर्ती ठेवल्या असाव्यात. थर फक्त एका धर्मावर दुसऱ्या धर्माचे नसतात. एकाच धर्माच्या पोटातही असतात.

त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्याचा. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. प्रवास करणाऱ्याने या दोन्ही लेखांचा मजकूर माहीत करून घ्यावा असा आहे. आठव्यात राजा म्हणतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या आणि मौजेच्या सहली काढत, मी मात्र धर्मयात्रा सुरू केली. श्रमणांना, ब्राह्मणांना, वृद्धांना आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटतो. नवव्यात तो आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर आणि प्रवासाला निघताना लोक जे मंगलविधी करतात त्यांचा समाचार घेतो. त्यांनी फारसं काही साधत नाही, चांगलं वागणं हाच खरा मंगलविधी, असं त्याचं म्हणणं. गाडीला लिंबू-मिरची बांधून वसईला निघालेल्यांनी नोंद घ्यावी.

हे दगड आता इथे नाहीत. अशोकाचा लेख बघायचा तर फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावं लागतं, आणि स्तूपातले करंडक व मूर्ती एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात गेल्या. वस्तुसंग्रहालयाची फेरी नंतर करा; जागा पाहिलेली असली की काचेमागचा दगड ओळखीचा वाटतो.

स्तूपावर चढू नका. लोक चढतात, बसतात, डबा खातात. विटा त्याने सुटतात. बाहेरून, उजव्या हाताला स्तूप ठेवून एक फेरी घाला. कुणी वंदनेला बसलं असेल तर कॅमेरा बाजूला ठेवा. अर्धा तास पुरतो.

चक्रेश्वर

इथून रिक्षाने जवळच चक्रेश्वर महादेवाचं देऊळ आणि तळं. देऊळ नेहमीच्या वापरातलं, नवा रंग दिलेलं. पण आवारात शिलाहारकालीन वाटणाऱ्या शिल्पांचे अवशेष आहेत आणि एक उभी ब्रह्मदेवाची मूर्ती आहे, ती चुकवू नका. ब्रह्मदेवाच्या मूर्ती एकूणच दुर्मीळ, त्यात इतकी देखणी आणखी दुर्मीळ. मूर्तीला फुलं वाहिलेली असतात, त्यामुळे फोटोआधी पुजाऱ्यांना किंवा तिथे बसलेल्या काकांना विचारा. विचारलं की बहुधा माहितीही मिळते.

निर्मळ

नालासोपाऱ्याच्या इमारती मागे पडतात आणि रस्ता एकदम झाडांत शिरतो. निर्मळ हे जुनं तीर्थ. परशुरामाच्या कथा सांगणारं तळं, विमलेश्वराचं देऊळ आणि टेकडीवजा उंचावर शंकराचार्यांची समाधी (आद्य शंकराचार्य नव्हेत, नंतरच्या काळातले). पोर्तुगीजांच्या काळात इथली देवस्थानं मोडली गेली आणि मराठ्यांच्या काळात पुन्हा उभी राहिली. आजचं देऊळ पाहताना हा मधला खंड दिसत नाही, म्हणून सांगितलं. आणि त्याच निर्मळमध्ये होली क्रॉस चर्च आहे. गावातली निम्मी आडनावं लोपीस, डाबरे, परेरा अशी.

देवळात जाण्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे, ती सांगत बसत नाही. जत्रेच्या दिवसांत आलात तर सुकेळी घ्या. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि सुक्या केळीच्या पानांत घट्ट बांधायची, असा हा वसईचा मेवा. रंगाला तपकिरी, बोटाला चिकट, चवीला खजुराच्या जवळ जाणारा पण केळीचा वास टिकवून ठेवलेला. पुडकं हातात घेऊन दाबून बघा. कडक लागलं तर जुनं आहे, दुसरं मागा. जत्रेत हिंदू-ख्रिस्ती दोन्ही घरांतली माणसं खरेदीला असतात.

वाड्यांतून वसईकडे, आणि चर्चमध्ये कसं वागायचं

निर्मळहून वसई गावाकडे जाताना रिक्षावाल्याला हमरस्त्याऐवजी आतून, गास-गिरीजच्या बाजूने घ्यायला सांगा. केळी, पानवेली, फुलांच्या वाड्या, विहिरी, आणि दर थोड्या अंतरावर रस्त्याच्या कडेला एखादा क्रूस, झेंडूचा हार घातलेला. दोन वळणांनंतर मारुतीचं देऊळ. लाल लुगड्यातली एखादी म्हातारी दिसली तर ती सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी समाजाची. घरातली बोली कादोडी, प्रार्थना मराठीत. मुंबईतल्या अनेकांना ‘ख्रिश्चन म्हणजे इंग्रजी’ हे समीकरण पाठ असतं, ते इथे पहिल्या पाच मिनिटांत मोडतं. मराठी साहित्य संमेलनाचं २०२० सालचं अध्यक्षपद भूषवणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले.

वाटेतलं कुठलंही एक चर्च आतून बघा. वसईतली बरीच चर्चं पोर्तुगीज काळात स्थापन झालेली आहेत, पण इमारती वेळोवेळी बांधल्या-वाढवल्या गेल्यात; त्यामुळे ‘हे चर्च किती जुनं?’ याचं उत्तर एका सालात मिळत नाही. पापडीचं, रमेदीचं, सांडोरचं, नंदाखालचं, कुठलंही चालेल. किल्ल्याच्या वाटेवर रमेदी किंवा पापडी सोयीचं पडतं.

नवख्याला अडखळायला होतं ते इथेच, म्हणून थोडं सविस्तर. दार उघडं असेल तर आत जायला हरकत नसते. चपला काढायच्या की नाही हे दाराशी बघून ठरवा. बाहेर जोडे दिसले तर काढा. टोपी मात्र काढाच. मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, लोक उठले की उठा, बसले की बसा. शेवटाकडे सगळे रांगेने पुढे जाऊन कम्युनियन घेतात. तो प्रसादासारखा वाटला तरी सगळ्यांसाठी नसतो, तो दीक्षित कॅथलिकांसाठी आहे. तुम्ही जागेवर बसून राहिलात तर कुणाला खटकत नाही. हात पुढे करून मग गोंधळलात तर फादरांचीही पंचाईत होते. वेदीच्या पायऱ्या चढून फोटो काढू नका. आवारात कुणी भेटलं तर नुसतं ‘नमस्कार’ पुरतं, आणि ‘फादर आहेत का, चर्चबद्दल थोडं विचारायचं होतं’ असं म्हटलंत तर अनेकदा अर्धा तास गप्पा होतात.

पायाची चप्पल, बिनबाह्यांचा टी-शर्ट, हाफ पँट यावरून कुणी अडवेलच असं नाही, पण दिवसभरात स्तूप, देवळं आणि चर्च सगळंच आहे. गुडघे-खांदे झाकलेले असले की कुठेच विचार करावा लागत नाही.

जेवण वसई गावात किंवा पारनाक्याच्या आसपास उरका. घरगुती ख्रिस्ती पद्धतीचं जेवण सहलीच्या दिवशी सहज मिळेल अशी आशा धरू नका. ते लग्नात, सणाला, ओळखीच्या घरी. ओळख असेल तर मात्र फुगे (तळलेले गोल पाव) आणि इंदेल (आंबट-तिखट मांसाचा रस्सा) सोडू नका.

किल्ला

दुपारी तीन-साडेतीनला किल्ल्यात शिरा. तिकीट नाही. पाण्याच्या बाटल्या पारनाक्यावरच भरून घ्या, स्वच्छतागृहाचंही काम तिथेच उरका. बूट घाला, सँडल नको. किल्ला शंभर एकरांहून मोठा आहे आणि त्यातून थेट किल्लाबंदरच्या कोळीवाड्याकडे डांबरी रस्ता जातो. हा रस्ता म्हणजे तुमचा कणा. भरकटलात तर त्यावर परत या.

थोडक्यात पार्श्वभूमी. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी इथे तटबंदीत अख्खं शहर वसवलं आणि ते त्यांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं झालं. मुंबईची बेटंही तेव्हा वसईच्या हाताखाली होती. पोर्तुगालची राजकन्या आणि इंग्लंडचा राजा यांच्या १६६१ च्या विवाहकरारात ती इंग्रजांच्या वाट्याला गेली. वसईहून लोकलने घरी परतणाऱ्या मुंबईकराने हे एकदा मनात घोळवावं. दोन वर्षांच्या मोहिमेनंतर मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. तटाखाली सुरुंग लावून भगदाडं पाडली, माणसं दोन्हीकडची अतोनात पडली. १७८० मध्ये तो इंग्रजांकडे गेला, आणि १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह करून पेशवाईचं स्वातंत्र्य गहाण टाकलं.

आत आल्यावर आधी बालेकिल्ल्याचा दरवाजा. त्यावर पोर्तुगालची राजचिन्हं कोरलेली आहेत: क्रूस, ढाल आणि कड्याकड्यांचा गोल. तो गोल म्हणजे दर्यावर्दी वापरत त्या खगोलयंत्राची आकृती. धर्म, राजा आणि समुद्र, तिन्ही एका दारावर.

मग जेझुइटांचं (आणखी एका कॅथलिक धर्मसंघाचं) चर्च, उंच खांबांचं दर्शनी अंग असलेलं. आज लोक याला गोन्सालो गार्सिया चर्च म्हणतात. गोन्सालो १५५७ मध्ये वसईत जन्मले, जेझुइटांकडे शिकले, जपानात व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकी इथे इतर साथीदारांबरोबर क्रूसावर मारले गेले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं, भारतात जन्मलेले पहिले संत. वसईकरांसाठी ही वास्तू निव्वळ पडीक नाही. इथे मोठमोठ्याने गाणी लावणाऱ्या मंडळींना हे कुणीतरी सांगायला हवं.

जास्तीत जास्त वेळ द्यायचा तो फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चला. मंडपेश्वरला मठ बांधणारे हेच लोक. छप्पर गेलं, भिंती आणि कमानी राहिल्या, आणि जमिनीवर ओळीने थडग्यांचे दगड. पाय जपून टाका, आपण थडग्यांवरून चालतो आहोत. दुपारी बारा वाजता हे दगड कोरे दिसतात. चारनंतर ऊन तिरकं झालं की अक्षरांच्या कडांना सावली येते आणि ओळी उमटतात. पोर्तुगीज येत नसलं तरी नाव आणि अंक ओळखता येतात. सोळाशे कितीतरी असं साल सापडलं की मुलांनाही गंमत वाटते. एखाद्या दगडावर घराण्याचं चिन्ह असतं. अक्षर नीट दिसावं म्हणून पाणी ओतू नका, खडूने तर मुळीच गिरवू नका; मोबाइलचा टॉर्च जमिनीलगत आडवा धरला की तेच काम होतं.

नागेश्वराचं देऊळ आणि शेजारचं तळं हा किल्ल्यातला मराठी थर. वज्रेश्वरीचं आणि मारुतीचंही देऊळ आहे. पडक्या चर्चांच्या मधे चालती देवळं, घंटा वाजतायत, उदबत्ती लागलेली. जवळच चिमाजी अप्पांचा पुतळा; तिथे वर्षातून एकदा नव्हे तर नेहमीच कुणी ना कुणी हार घालून जातं.

घंटांची गोष्ट इथेच सांगायला हवी. वसईच्या मोहिमेनंतर इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयचिन्हं म्हणून नेल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकला गोदावरीकाठची नारोशंकराची घंटा, भीमाशंकरची घंटा, वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा, सगळ्या या मुलखातल्या. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मारिया आजही दिसते आणि १७०७ साल वाचता येतं. किल्ल्यातल्या घंटा नसलेल्या मनोऱ्याकडे बघताना त्या कुठे वाजतायत हे माहीत असलेलं बरं.

तो मनोरा सेंट जोसेफ कॅथेड्रलचा, समुद्रदरवाज्याच्या बाजूला. १५४६ मध्ये सुरू झालेलं हे इथलं मुख्य चर्च, १६०१ मध्ये ते वाढवून बांधलं गेलं. मनोऱ्यात अरुंद गोल जिना आहे. जाळी लावून बंद असेल तर कुंपण ओलांडू नका, आणि उघडा असला तरी पावसाळ्यात किंवा लहान मुलांना घेऊन चढू नका. डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन या इतर धर्मसंघांची चर्चं वेळ उरला तर. हातात एकच तास असेल तर ती सोडा.

शेवटी समुद्रदरवाजा. जाड लाकडी दारांवर लोखंडी खिळे, आणि पलीकडे किल्लाबंदर. तिथे वाळत घातलेली मासळी, दुरुस्तीला काढलेली जाळी, होड्यांवर क्रूस. कोळीवाडा हा लोकांच्या घराचा भाग आहे, बघण्याचा स्टॉल नाही. जाळी ओलांडून, बायकांच्या तोंडासमोर मोबाइल धरून फिरू नका. ताजी मासळी घ्यायची असेल तर विचारा, भाव करा, ते चालतं.

परतताना

सूर्यास्तानंतर किल्ल्यात थांबू नका. आत दिवे नाहीत, झाडी दाट आहे, आणि अंधार पडला की रिक्षाही आत यायला कुरकुर करतात. साडेसहाच्या सुमारास पारनाक्यावर पोचलात की वसई रोड स्टेशनची शेअर रिक्षा किंवा बस लगेच मिळते. अंतर सहा-सात किलोमीटर, पण संध्याकाळी स्टेशनजवळ वाहनं तुंबतात. पाऊण तास धरून चाला.

स्टेशनवर चर्चगेटकडची गाडी संध्याकाळी तुलनेने रिकामी असते, वसईहूनच सुटणारी मिळाली तर उत्तमच. ठाणे-डोंबिवलीच्या लोकांनी वसई-दिवा मार्गाची वेळ सकाळीच बघून ठेवावी. त्या गाड्या मोजक्याच आहेत, आणि एक चुकली तर दादरला वळसा घालूनच घरी जावं लागतं.